बदलापूरला घर बघायचं तर जुलैत बघा
मुंबईजवळच्या बदलापूरच्या परवडणाऱ्या घरांचं कौतुक करणारा एक लेख वाचला, ते कौतुक खोटं नाही. परळच्या चाळीतून इथे आलो, आता स्वयंपाकघरातून चंदेरीचा डोंगर दिसतो. आई त्यावरच खूश. पण घर एप्रिलमध्ये नको, भर पावसात बघा. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस इथून पुढेच, वांगणीजवळ अडकली होती. नदीकाठचा 'रिव्हर व्ह्यू' घेताना एवढं आठवा. बिल्डरची 'स्टेशनपासून दहा मिनिटं' ही रिक्षाची असतात, तीही चौथ्या सीटवर अर्धं बाहेर लटकून! आणि सकाळी कर्जतहून भरून येणाऱ्या गाडीच्या नादी लागू नका, इथूनच सुटणाऱ्या बदलापूर लोकलची वेळ पाठ करा.