काका, कार्ड आणि कम्युनिटी क्लिनिक

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. आरोग्यविम्यात मानसिक आजार धरायचे कशाला? काकांचं म्हणणं, "ही सगळी अमेरिकेची थेरं. आपल्याकडे बोलायला माणसं असतात." आत्याचा मुलगा थेट दुसऱ्या टोकाला: "तिकडे बघा, कार्ड दाखवलं की थेरपिस्ट हजर!" दोघांनाही न्यू जर्सीहून साष्टांग दंडवत.

आधी आत्याच्या मुलाचं. इथे 2008 चा कायदा आहे. विमा मानसिक आजाराला लागू असेल, तर शारीरिक आजारापेक्षा जाचक अटी लावता येत नाहीत. झकास. आता विमा कंपनीच्या यादीतले नंबर फिरवा. एक डॉक्टर रिटायर झालेले, एकीने नवे पेशंट घेणं बंद केलेलं, एक नंबर चक्क डेंटिस्टचा. "अमुक कंपनीचा विमा घेता का?" एवढ्याने भागत नाही. कार्ड हातात धरून प्लॅनचं पूर्ण नाव वाचायचं, त्यात इन-नेटवर्क, म्हणजे कंपनीशी करार असलेले, आहात का विचारायचं, मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून तेच पुन्हा, कारण बिहेवियरल हेल्थ, म्हणजे मानसिक उपचारांचा भाग, बऱ्याचदा भलतीच कंपनी बघते. डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) किती उरलंय, कोपे (दर भेटीला आपला ठरलेला वाटा) किती, बोलणाऱ्याचं नाव काय, सगळं लिहून ठेवायचं. आणि हे करायचं कोणी? तर ज्याच्याच्याने सकाळी उठून दातसुद्धा घासवत नाहीत, त्याने.

शेवटी मला कम्युनिटी क्लिनिक सापडलं. मोठमोठ्या मनोरुग्णालयांऐवजी राहत्या वस्तीत उपचार मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 1963 मध्ये कायद्यावर सही केली, त्या परंपरेतलं. पगाराची स्लिप दाखवली की मिळकतीप्रमाणे फी. वेटिंग लिस्ट लांबलचक, पण माझं कार्ड काउंटरवरच्या बाईंनी स्वतः कंपनीला फोन लावून तपासलं.

आता काका. मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच हवा, हे आपल्या 2017 च्या कायद्यातही आहे. पण पॉलिसी बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरच पैसे देते. काउन्सेलरची फी खिशातून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ग्रुपवर तो कुणी फॉरवर्ड केलेला मी पाहिला नाही. सुप्रभात मात्र रोज.

आणि बोलायला माणसं म्हणाल, तर आमच्या वाड्यात तुडुंब होती. त्या गर्दीत धाकटी आत्या वर्षानुवर्षं न्हाणीघराच्या पायरीवर बसून असायची. विचारलं तर "जरा अशक्तपणा आहे." काका तिचेच सख्खे भाऊ.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. कायद्याची सालं तेवढी टाकली. क्लिनिकही घरापासून लांबचंच निवडलंय, मंडळाच्या गणपतीतलं कुणी तिथे दिसू नये म्हणून. मराठी दुभाषी फोनवर फुकट मिळेल, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, नको, इंग्रजी येतं मला. दुभाषी आमच्या एडिसन गावचाच निघाला असता तर?