ऑस्लोत गाड्या बंद झाल्याच नव्हत्या

पुण्यात पार्किंगचे पैसे घ्यायचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर ऑस्लोचा फोटो फिरायला लागतो. मोकळा रस्ता, बाकं, सायकली, आणि खाली ओळ: ‘ऑस्लोने मध्यवस्तीतून गाड्या हद्दपार केल्या, मग आपल्यालाच काय धाड भरलीय?’ समोरच्यांचं उत्तरही ठरलेलं असतं. सात लाखांचं श्रीमंत गाव, तेलाचा पैसा, त्यांचं काय जातंय! ऑस्लोत बसून ही जुगलबंदी वाचताना वाटतं, दोन्हीकडच्या मंडळींनी लान मारी बर्ग यांची कारकीर्द एकदा नीट बघावी.

बर्ग ग्रीन पक्षाच्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, त्या शहराच्या पर्यावरण आणि वाहतूक खात्याच्या प्रमुख झाल्या. ५९ जणांच्या नगरसभेत त्यांच्या पक्षाचे तेव्हा फक्त ५ सदस्य होते. मजूर पक्ष, समाजवादी डावे आणि ग्रीन मिळून २८ व्हायचे. बहुमताचे ३० गाठायला ‘रोट’ (म्हणजे लाल) नावाच्या आणखी डाव्या पक्षाच्या तिघांचा बाहेरून टेकू होता. हा टेकू लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता तो फोटो. २०१९ पर्यंत मध्यवस्तीभोवती फिरणाऱ्या रिंग १ या रस्त्याच्या आतला भाग खासगी गाड्यांपासून मुक्त करायचा, ही मूळ घोषणा. दुकानदारांनी एवढी हाकाटी केली की ती मवाळ करावी लागली. प्रत्यक्षात काय झालं, तर रस्त्यालगतच्या सातशेहून जास्त पार्किंगच्या जागा काढल्या. गाडी आत नेता येते, पण उभी करायची तर पार्किंग हाउसमध्ये. काही रस्त्यांचे तुकडे बंद, काही एकेरी, त्यामुळे मध्यातून आरपार जाता येत नाही. ज्याचं आत काम नाही तो मुकाट्याने बाहेरून वळसा घालतो. सुटलेल्या जागेत आधी अपंगांच्या गाड्या आणि माल उतरवणारे टेम्पो यांची सोय बघावी लागते, मग बाकं आणि झाडं. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानासमोर बोंब. सायकलच्या लाल पट्ट्यांचंही तसंच: नुसत्या रंगवून भागत नाही. हिवाळ्यात मुख्य रस्त्यावरचा बर्फ नांगराने बाजूला ढकलला की तो नेमका सायकलच्या पट्टीत येऊन पडतो. म्हणून निवडक मार्गांवर फिरता झाडू लावलेलं यंत्र बर्फ झाडत आणि मिठाचं पाणी मारत जातं. हा खर्च दरवर्षीचा आहे, उद्घाटनाच्या दिवसापुरता नव्हे.

बर्ग यांचे हात पोळले तेही याच तपशिलांवर. जानेवारी २०१७ मध्ये थंड हवा शहरावर अडकून बसली, धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वाढला, आणि १७ तारखेला डिझेल गाड्यांवर तात्पुरती बंदी आली. सकाळी ६ ते रात्री १०, मोडल्यास १,५०० क्रोनर दंड. पण बंदी फक्त पालिकेच्या रस्त्यांवर. राष्ट्रीय महामार्ग पालिकेच्या हातात नाहीत, तिथे डिझेल धावतच राहिलं. शिवाय २००७ मध्ये सरकारनेच डिझेल कमी कार्बन सोडतं या हिशेबाने करात सवलत देऊन लोकांना डिझेलकडे वळवलं होतं. दहा वर्षांनी त्याच लोकांना दंडाची धमकी! ते चिडले, आणि त्यांचं चिडणं चूक म्हणवत नाही.

कचऱ्याची कथा तर कुठल्याही महापालिकेत शोभावी. इथे ओला कचरा हिरव्या पिशवीत, प्लास्टिक निळ्या पिशवीत आणि बाकीचा साध्या पिशवीत बांधून सगळं एकाच डब्यात टाकतात. कारखान्यात कॅमेरे रंग ओळखून पिशव्या वेगळ्या करतात. २०१६ च्या शरदात गोळा करायचं कंत्राट एका नव्या कंपनीकडे गेलं आणि डबे भरून वाहायला लागले. तक्रारी हजारोंनी आल्या, कामगार बेकायदा जादा तास राबत असल्याचं निघालं, आणि काही महिन्यांत पालिकेला काम स्वतःकडे घ्यावं लागलं. रंगांची हुशार पद्धत ट्रक वेळेवर येण्यावर उभी असते.

तरी २०१९ च्या निवडणुकीत ग्रीन पक्ष ८.१ वरून १५.३ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी टोलनाके वाढले होते, विजेच्या गाड्यांनाही टोल लागू झाला होता, आणि टोलविरोधी पक्षाने नगरसभेत ४ जागा काढल्या होत्या. बर्ग यांच्यावर शिव्याधमक्यांचा मारा चालू होता. त्या वर्षी ऑस्लोच्या रस्त्यांवर अपघातात एकच मृत्यू झाला, तोही गाडी चालवणाऱ्याचा. एका वर्षाच्या एवढ्या लहान आकड्यात नशिबाचाही वाटा असतो, त्यामुळे त्याचा झेंडा फार उंच धरू नये.

बर्ग यांची खुर्ची मात्र गाड्यांनी घेतली नाही, पाण्याने घेतली. शहराचं सुमारे ९० टक्के पिण्याचं पाणी मारिदालच्या एकाच तलावातून येतं. १ जानेवारी २०२८ पर्यंत दुसरा पुरेसा स्रोत उभा करा, असा अन्न सुरक्षा खात्याचा आदेश आहे, म्हणून होल्सफ्योर्ड या दुसऱ्या तलावापासून बोगद्याने पाणी आणायचं काम काढलं. त्याचा अंदाज पाच अब्ज क्रोनरांहून जास्त वाढला. वाढ होणार हे बर्ग यांना कळलं होतं, पण नगरसभेला वेळेवर सांगितलं नाही, हा ठपका. जून २०२१ मध्ये अविश्वास ठराव आला, टेकू देणारा रोट पक्षही विरोधात गेला आणि ठराव मंजूर झाला. सगळं नगर-मंत्रिमंडळ पायउतार झालं. नवं बनलं त्यात बर्ग नव्हत्या. त्यांच्या खात्यावर त्यांच्याच पक्षाच्या सिरिन स्ताव्ह आल्या. बर्ग त्याच सप्टेंबरात देशाच्या संसदेत निवडून गेल्या.

भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता. खर्चाची माहिती उशिरा दिली, एवढंच. मला वाटतं, ऑस्लोचा फोटो पाठवायचाच तर या मतदानाचा पाठवावा.

कारण आपल्याकडे सभागृहाच्या मताने जाणारी अशी खुर्चीच नाही. पालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त नेमणार मंत्रालय. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला, तरी आयुक्त जागेवरच राहिले आणि काही महिन्यांनी बदली होऊन गेले. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, हा मुद्दा वेगळा. सभागृहाच्या मताला काय किंमत, ते तिथे कळलं. मुंबईत १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला, म्हणजे जवळपास ऑस्लोसारखीच रचना. तो वर्षभरात गुंडाळला. आणि मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पर्यंत तर मुंबई-पुण्यात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं.

गंमत म्हणजे ऑस्लोची एक चीज मुंबईने खरोखर आणली आहे. ऑस्लोने २०१७ च्या अंदाजपत्रकापासून पैशांसोबत कार्बनचाही जमाखर्च मांडायला सुरुवात केली: कोणता उपाय, किती टन घट, खर्च किती, जबाबदार खातं कोणतं. जगातल्या मोठ्या शहरांच्या सी-४० गटात ऑस्लोच्या पुढाकाराने हे इतरांना शिकवलं गेलं, त्यात मुंबई होती, आणि जून २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प काढला. त्यात दहा हजार कोटींहून जास्त भांडवली खर्च दाखवला होता. तेव्हा सभागृह नव्हतं, प्रशासकच मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार.

उत्सर्जनाची अधिकृत आकडेवारी वर्ष-दीड वर्ष उशिरा येते. म्हणून ऑस्लोत मधल्या काळासाठी ‘क्लिमाबारोमीटर’ असतो: टोलनाक्यातून किती गाड्या गेल्या, त्यात विजेच्या किती, सायकली किती मोजल्या. मुंबईत आता नगरसेवक आहेत. बेस्टच्या विजेच्या बस किती, देवनारच्या कचराभूमीत रोज किती टन कचरा गेला, किती टन ओला कचरा वेगळा झाला, हे दर तिमाहीला स्थायी समितीपुढे मांडा, असं ते सांगू शकतात. त्याला कायदा बदलावा लागत नाही.