‘पहिलीत परीक्षाच नाही, मग शाळा कशाला?’ या मजकुराचा समाचार

जून उजाडला की सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: ‘पहिली-दुसरीला परीक्षा नाही, कुणी नापास नाही. शाळेत नुसती गाणी, खेळ आणि खिचडी. आमच्या वेळी दिवाळीपर्यंत अख्खी बाराखडी आणि तीसपर्यंत पाढे पाठ व्हायचे. पोराला वर्षभर घरी बसवा, थेट दुसरीत घाला.’ यात एक गोष्ट अर्धी खरी आहे. ती शेवटी घेऊ.

‘परीक्षा नाही.’ नापास करून त्याच वर्गात अडवायचं नाही आणि तपासायचं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अडवणं बंद केलं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीपुरती मुभा दिली आणि महाराष्ट्राने ती वापरलीही. पहिली-दुसरीला तपासणी कधीच थांबली नव्हती. राज्याने २०१० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीत या दोन इयत्तांना ७० गुण आकारिकचे, म्हणजे निरीक्षण, तोंडीकाम, कृती, वर्गकार्य वगैरेचे, आणि ३० संकलितचे. सत्राच्या शेवटच्या चाचणीपेक्षा रोजच्या कामाला दुपटीहून जास्त वजन. हे बिघडतं कुठे? रोजच्या नोंदी एप्रिलमध्ये एका बैठकीत भरल्या जातात तिथे. मग साऱ्या वर्गापुढे ‘वाचनात रस घेतो’ हे एकच वाक्य दिसतं. म्हणून पालकसभेत श्रेणी विचारू नका. मुलाची जुलैची आणि ऑक्टोबरची वही शेजारी ठेवून मागा.

‘नुसती गाणी आणि खेळ.’ सहा वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला तयार नसली तर ते मुठीत धरून दाबून लिहितं, दोन ओळींत हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा बसतो. चिंचोके निवडणं, माती मळणं, दोरीत मणी ओवणं, पाटीवर आडव्या-तिरप्या रेघा मारणं ही त्याची तयारी. गाण्यांचं काम कानाचं. ‘कमळ’ शब्दात पहिला आवाज कोणता, ‘माळ’ आणि ‘जाळ’ यांत सारखं काय, हे ऐकू आल्याशिवाय अक्षर म्हणजे नुसतं चित्र.

‘दिवाळीपर्यंत अख्खी बाराखडी.’ पाठ होते हो, वाचता येत नाही. अननसापासून ज्ञानेश्वरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर मधलं ‘ध’ एकटं ठेवा. अनेक मुलं ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून म्हणत तिथवर येतात. म्हणून वर्णमालेच्या क्रमाने न जाता चार-पाच अक्षरं आणि लगेच काना घेतात. म, न, क, ल एवढ्यावर ‘मान’, ‘काम’, ‘नाक’, ‘लाल’ तयार होतात आणि मूल पहिल्या महिन्यांतच खरा शब्द वाचतं. पुढे अडतं ते पहिल्या वेलांटीवर. ती अक्षराच्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते, त्यामुळे ‘किती’ वाचताना मूल ‘इक’ अशी सुरुवात करतं. हा आळस नव्हे. दुसरीत जोडाक्षरं आली की ‘र’ वेश बदलतो: ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’. चारही एका दिवशी फळ्यावर लिहिले तर एकही राहत नाही. एकेकाला निदान आठवडा हवा.

‘तीसपर्यंत पाढे.’ इथे मराठीची स्वतःची अडचण आहे. ‘एकवीस’ ऐकताना ‘एक’ आधी कानावर पडतो, म्हणून मूल १२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकून ३९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ दिलं तेव्हा ‘एकवीस शब्द काढून टाकला’ असा गलका झाला. प्रत्यक्षात पुस्तकात दोन्ही वाचनं होती. उपाय साधा आहे: ज्वारीच्या धाटाच्या काड्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात असली की २१ उलटा लिहिणं कमी होतं. हे न करता हातच्याची बेरीज दिली की २७ + १५ चं उत्तर ३१२ येतं. सात आणि पाच बारा, ते पूर्ण बारा एककाखाली, मग दोन आणि एक तीन. वजाबाकीत ४२ – १७ चे ३५ होतात, कारण मूल मोठ्यातून लहान अंक वजा करतं, वरचा-खालचा बघत नाही. तीसचा पाढा पाठ असलेलं पोरही इथे पडतं. पाढे लागतातच, पण दोन, पाच, दहा आधी, गठ्ठे मोजून.

‘खिचडी.’ ती मधल्या सुट्टीत असते. ताटात १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी हे प्राथमिकचं प्रमाण. डाळ पातळ असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला.

‘घरी बसवा, थेट दुसरीत.’ वयानुसार प्रवेश मिळेल, प्रवेशाची अडचणच नाही. पण पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरलेले आहेत, आणि अक्षरगट एकावर एक चढतात. गावच्या जत्रेचे आठ आणि लग्नसराईचे सात दिवस गेले तरी साठ तास गेले. ऊसतोडीला आई-बापांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडणीच्या तळावरच्या झोपडीत, जाणाऱ्या मुलाचे याहून कितीतरी जास्त.

आता ती अर्धी खरी गोष्ट: ‘परीक्षा नाही’. रोजची तपासणी ठरलेली आहे, पण ती करायला माणूस कमी पडतो. ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. पहिली ते चौथी दोघांत वाटून घेतली की पहिली आणि दुसरीची मुलं एकाच शिक्षकासमोर बसतात. एका इयत्तेला वाचन देताना दुसऱ्या इयत्तेची मुलं लिहीत असतात, आणि पहिलीचं मूल लिहिताना चुकलं तर ते त्याच क्षणी पाहायला कुणी नसतं. तक्रार करायची तर ही करा. तोवर घरी रोज दहा मिनिटं: कालची पाच अक्षरं क्रम मोडून दाखवा, त्यांतून दोन शब्द करायला सांगा, आणि ‘एकोणचाळीस लिही’ म्हणून पाहा.