आले की आणले?

सकाळी जाग आली तेव्हा वाटलं, लाईट गेली. भोसरीत, त्यातून जुलैच्या पावसात, लाईट जाण्याचं कौतुक ते काय, म्हणून कूस बदलून पडून राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. लाईट नाही आणि मिक्सर चालू, हे गणित सुटेना. मग लक्षात आलं, अंधार घरात नाही, माझ्यापुरता आहे. दोन्ही पापण्या चिपडांनी अशा चिकटल्या होत्या की लग्नाच्या पाकिटालासुद्धा इतकी खळ लावत नाहीत.

"अगं, माझे डोळे आले!" मी ओरडलो.

मिक्सर थांबला. "आले नाहीत," आतून आवाज आला. "तुम्ही आणलेत."

२०२३ सालची ही गोष्ट. आळंदीतल्या शाळांमध्ये पोरांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता साथ जिल्हाभर, मग राज्यभर पसरली. आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचे चिरंजीवही आठ दिवस आधी लाल डोळे घेऊन शाळेतून परतले होते. तेव्हा बायकोने त्याचा टॉवेल वेगळा खुंटीवर टांगला आणि मला बजावलं, "हा वापरायचा नाही." मी मान हलवली. पण अंघोळ करून बाहेर आल्यावर, तोंडावर साबण असताना, माणूस खुंट्या वाचत बसतो का?

तरी 'आले' हा शब्द मला सोडवेना. पाऊस येतो, पाहुणे येतात, राग येतो, तसे डोळे येतात. त्यात कुणाचा हात नाही. भाषेने आपल्याला दिलेली ही केवढी सोय! फक्त एक अडचण आहे. पाहुणे आले की कधीतरी गेले असं म्हणता येतं. इथे आठव्या दिवशी आनंदाने "डोळे गेले एकदाचे" म्हटलं, तर गावाकडून माणसं गाडी करून निघतील.

आई बाहेरच्या खोलीतून आली. तिने पापणी वर करून तपासली आणि निकाल दिला, "बाळंतिणीचं दूध घाल दोन थेंब." एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली. ती पुढे आठवायला लागली, "तिसऱ्या मजल्यावरच्यांची सून परवाच बाळंत झाली ना? वाटी घेऊन जाते." बायकोने पुढे होऊन वाटी काढून घेतली म्हणून आमची अब्रू राहिली. नाहीतर सोसायटीच्या पुढच्या सभेत मी कुठल्या तोंडाने, आणि मुख्य म्हणजे कुठल्या डोळ्यांनी, बसलो असतो?

मग मी पुरुषासारखं वागायचं ठरवलं, म्हणजे डॉक्टरकडे न जाता मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोराने स्वतःच काळा चष्मा लावला होता. त्याने माझ्याकडे न बघता एक बाटली सरकवली. "सगळे हेच नेतायत काका. संध्याकाळपर्यंत पांढरेशुभ्र."

संध्याकाळी डोळे टोमॅटोसारखे झाले आणि कानापुढे एक गाठही हाताला लागायला लागली. तेव्हा बायकोने मला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी आधी ती बाटली पाहिली आणि त्यांचेच डोळे मोठे झाले. "हे स्टेरॉइड आहे. कुणी सांगितलं घालायला?" मी मेडिकलच्या दिशेने मोघम हात केला. लाली चटकन उतरते म्हणून लोक ते घालतात, त्या म्हणाल्या. पण नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसच्या विषाणूने डोळा आला असेल, तर याच थेंबांनी बुबुळावर जखम वाढते आणि दिसण्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो. गाठ मात्र घाबरण्यासारखी नव्हती. विषाणूने डोळे आले की कानापुढची ग्रंथी बऱ्याचदा सुजते, ती आपोआप बसते.

"मग अँटिबायोटिक द्या," मी म्हणालो. फी दिल्यावर काहीतरी जोरदार मिळावं, ही साधी अपेक्षा.

"सर्दीला देतात का? ही डोळ्यांची सर्दीच समजा. विषाणूला अँटिबायोटिकचं काही वाटत नाही. थंड पाण्याच्या घड्या ठेवा, ओलावा देणारे थेंब घाला, दहा-बारा दिवस धीर धरा. दिसायला धूसर झालं, खूप दुखायला लागलं किंवा उजेड अजिबात सोसेना, तर मात्र लगेच या. आणि डोळ्याला हात लावायचा नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला ते औषधातलं सगळ्यात सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजायला बसलो. दुपारच्या जेवणापर्यंत माझा हात एकतीस वेळा डोळ्याकडे गेला होता, आणि त्यातले चार तर मोजताना. माझे हात माझ्या नोकरीत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. बायकोने ते गुंतवायला मला लसूण सोलायला बसवलं. त्या बोटांनी मी डोळा एकदाच चोळला. पुढे चार तास हात लावायची इच्छासुद्धा झाली नाही, त्यामुळे उपाय म्हणून तो वाईट नाही.

ऑफिसचा किस्सा वेगळाच. रजेचा फोन केला तर साहेब म्हणाले, "घ्या ना रजा. पण आधी येऊन मशीनवर अंगठा मारून जा, नाहीतर सिस्टिम गैरहजर दाखवते." गेलो. शेजारच्या टेबलावरचे सहकारी मला बघताच छताकडे बघत बोलायला लागले. डोळ्याला डोळा भिडला की साथ लागते, हा त्यांचा पक्का सिद्धांत. त्या समजुतीने लागत असती तर आमच्या लग्नातच अर्धं गाव पडलं असतं. छताकडे बघत बघत त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, कशावर तरी सही केली, पेन परत दिलं आणि नाकावर घसरलेला गॉगल त्याच बोटाने वर ढकलला. मशीनशेजारी सॅनिटायझरची बाटली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे डोळ्यांचे विषाणू चिवट असतात. करोनासारखं त्यांना चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझरला ते फारशी दाद देत नाहीत. कोरड्या वस्तूंवर काही दिवस, कधी काही आठवडेही टिकतात. साबण आणि वाहतं पाणी हवं. मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनीही छताकडेच बघून मान डोलावली.

त्या रिकाम्या दिवसांत चिरंजीव मला मोबाईलवरचं वाचून दाखवायचे. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात अशीच, डोळ्यांत रक्त उतरणारी साथ आली. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच ती पसरली, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो ११'चा रोग म्हटलं. १९७१ मध्ये बंगालमध्ये आली, तेव्हा सीमेपलीकडून निर्वासित येत होते, म्हणून बांगलादेशच्या लढ्यातल्या घोषणेवरून तिचं नाव पडलं 'जय बांगला'. त्याच वर्षी ती मुंबईतही होती. हे ऐकून आईला परळची चाळ आठवली. एक नळ, सतरा बिऱ्हाडं, एकाच टमरेलाला सगळ्यांचे हात. "सगळी चाळ लाल," ती कौतुकाने म्हणाली. चंद्र झाला, निर्वासित झाले, पण टमरेलाचं नाव कुठल्याच साथीला मिळालं नाही.

घरात मात्र बायकोने सरहद्द आखली होती. माझा टॉवेल, उशीचा अभ्रा, साबण, थेंबांची बाटली, सगळं वेगळं. चिरंजीवांच्या बाटलीला हात लावायलाही बंदी. कपडे गरम पाण्यात. मी दाराच्या कडीला हात लावला की मागून ती फडकं घेऊन येई, जणू मी गुन्हा करून ठसे मागे सोडत चाललोय. तिची कमाल अशी की इतकं सगळं करून ती आठव्या दिवसापर्यंत ठणठणीत होती.

नवव्या दिवशी सकाळी ती बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं. डावा डोळा गुलाबी.

"सगळं वेगळं केलं होतं," ती म्हणाली. "काय राहिलं असेल?"

टीव्हीचा रिमोट माझ्या मांडीवर होता. घेतल्या दिवशीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून, आठ दिवस माझ्या हातात. मी तो हळूच उशीखाली सरकवला आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आई, हिचेही डोळे आले गं!"