बीएफएच्या प्रवेशात आपण नक्की काय तपासतो?

प्रवेशाचे दिवस आले की एक मजकूर फिरू लागतो: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा न दिलेल्या, क्लास न लावलेल्या मुलांसाठी बीएफएचे, म्हणजे ललित कलेच्या पदवीचे, प्रवेशाचे निकष बदलले तर दर्जा बुडेल, परीक्षा सगळ्यांना एकच आहे, आणि हातात खरी कला असेल तर माणूस कुठूनही वर येतो. मला यातलं काहीच पटत नाही.

‘परीक्षा एकच आहे.’ प्रश्नपत्रिका एकच असते, खरं आहे. पण संकल्पचित्राच्या (डिझाइनच्या) पेपरात पोस्टर कलर सपाट बसावा लागतो. ज्याने तो कधी हाताळलाच नाही, त्याच्याकडून पाणी जास्त होतं, सुकल्यावर डाग दिसतात, दुसरा हात मारला की खालचा थर उखडतो. त्याने रंगसंगती अचूक निवडली होती, हे त्या डागांखाली दबून जातं. स्मरणचित्राचं, म्हणजे दिलेला प्रसंग आठवून काढण्याच्या पेपराचं, दुखणं आणखी मोठं. क्लासमध्ये ठरावीक मानवाकृती घोटून घेतात: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सायकलवाला, पाठमोरा म्हातारा. विषय बाजाराचा येवो की एसटी स्टँडचा, त्याच आकृत्या नेऊन बसवायच्या. यात स्मरण कुठे आलं? तपासला जातो तो सराव, आणि सरावाला फी पडते.

शाळेत शिकून घ्यावं म्हणाल, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, आहे, पण पट १००च्या वर असेल तरच. वाडीवरच्या छोट्या शाळेला तो कागदावरही मिळत नाही.

‘बेस कच्चा असला की मुलं मागे पडतात.’ बीएफएचं पहिलं वर्ष पायाभूत असतं. रेखांकन, रंग, द्विमित आणि त्रिमित संकल्पन तिथेच शिकवतात. सगळं आधीच येत असलेली मुलं हवी असतील, तर ते वर्ष ठेवलंय कशाला? पहिले काही महिने जड जातात, हे मान्य. त्यासाठी संध्याकाळी स्टुडिओ उघडा ठेवा, जादा तास घ्या.

‘खरी कला वर येतेच.’ इथे जिव्या सोमा म्हसे यांचं नाव हमखास घेतलं जातं. वारली चित्रकलेसाठी २०११मध्ये पद्मश्री, शिक्षण कुठल्याच आर्ट स्कूलचं नाही. पण ते आपोआप जगासमोर आले नाहीत. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी स्वतः वारली पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग हाती दिले, तेव्हा ही चित्रं भिंतीवरून बाहेर पडली. ज्यांच्या पाड्यावर कुणी गेलंच नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत असायचं कारणच नाही.

प्रवेश प्रक्रियेने निदान एवढं करावं: रंग-ब्रश केंद्रावरच द्यावेत आणि आदल्या दिवशी ते हाताळायला वेळ द्यावा. मुलांनी स्वतःचं काम आणावं, मग ती रांगोळी असो, गणपतीची मूर्ती असो, पोळ्याला रंगवलेल्या शिंगांचा फोटो असो. परीक्षकांनी शेजारी बसून विचारावं, ‘हा रंग इथे का घेतलास?’ त्या उत्तरालाही गुण असावेत.