दहा मिनिटांची आंघोळ आणि तीस मिनिटांची : ‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दर्यावर्दी,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा उद्गारचिन्हं मोजली. अकरा भरली.

ज्यांनी मूळ लेख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या ट्रायडॅक्ना क्लॅमचं (मोठ्या रंगीत समुद्री शिंपल्याचं) मँटल, म्हणजे कवचाबाहेर पसरणारी मांसल झालर, एखाद्या ठिकाणी चिमटल्यासारखं आक्रसलं तर त्याला 25 ते 30 मिनिटं गोड्या पाण्यात ठेवावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर दर्यावर्दी म्हणतात, ‘अर्धवट ज्ञानावर मुक्या जिवांचे बळी घेऊ नका. समुद्रातल्या प्राण्याला अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवणं ही शुद्ध क्रूरता आहे. मी दहा मिनिटांत बाहेर काढला, तरी तिसऱ्या दिवशी गेला.’ शिवाय मॅग्नेशियम, फायटोप्लँक्टन (सूक्ष्म शैवालाचं बाटलीतलं खाद्य), औषध आणि ‘भारतात हे कोण पाळतं’ असे चार टोले.

मॅग्नेशियमचं आधी मान्य करतो. टाकीच्या पाण्यातलं मॅग्नेशियम 1350 पीपीएमच्या जागी 1530 टाइप झालं होतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ‘अर्धवट ज्ञान’. 2011 पासून माझ्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी एक दिवसही बंद पडलेली नाही. हे मिरवायला सांगत नाही. पण एका वाक्यात कुणाचं ज्ञान अर्धं ठरवताना, ज्या लेखावर तुटून पडलो तो तरी पुरता वाचावा, एवढी अपेक्षा चुकीची नसावी. ‘क्रूरता’ हा शब्दही जरा जपून वापरा. चिमटलेलं मँटल तसंच सोडलं तर क्लॅम रोज थोडा थोडा मिटत जातो, आणि टाकीत दुसरा क्लॅम असेल तर त्यालाही ते लागू शकतं. ते बघत बसणं दयाळूपणात कसं बसतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या दहा मिनिटांबद्दल सविस्तर लिहितो, कारण गोची तिथेच आहे. क्लॅम गोड्या पाण्यात गेला की पहिल्यांदा कवच मिटतो. आत कोंडलेलं पाणी खारंच असतं. म्हणजे सुरुवातीची कित्येक मिनिटं गोडं पाणी मँटलच्या दुमडींपर्यंत नीट पोहोचतच नाही. या दुखण्यामागे एकपेशीय परजीवी असावा असं मानतात. खारट पाण्यात जगणारी अशी पेशी गोड्या पाण्यात फुगून फुटते, पण त्यासाठी गोडं पाणी तिच्यापर्यंत जायला हवं. दहा मिनिटांत तुम्ही क्लॅमला धक्का पूर्ण दिला आणि परजीवीला जेमतेम. तीस मिनिटांच्या पुढे मात्र मीही जात नाही. तिथून पुढे परजीवीपेक्षा क्लॅमलाच जास्त सोसावं लागतं.

पाण्याचंही तसंच. पाच-सहा लिटरची स्वच्छ बादली, कधीही साबण न लागलेली. त्यात आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य. नळाचं नको, कारण त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, आणि क्लोरामाइन पाणी रात्रभर उघडं ठेवूनही नीट जात नाही. छोटा हीटर लावून तापमान टाकीइतकं आणायचं, समजा 26 अंश. एअरस्टोन सोडून तासभर हवा द्यायची. शुद्ध पाण्याचा पीएच नीट मोजताच येत नाही, आकडा नाचत राहतो. म्हणून आधी चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवायचा, मग मोजायचं आणि 8.1 ते 8.2 च्या आसपास आणायचं. तापमान आणि पीएच जुळवलं की क्लॅमला फक्त क्षारांचा फरक सोसावा लागतो. न जुळवता बुडवलं तर एकाच वेळी तीन धक्के बसतात, आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्या क्लॅमचं खापर गोड्या पाण्यावर फुटतं.

काढतानाची चूक तर याहून वाईट. क्लॅम खडकाला धाग्यांनी धरून बसतो. ओढला तर धाग्यांसोबत आतली ग्रंथी फाटते. असा क्लॅम दोन-चार दिवस बरा दिसतो आणि मग जातो. ब्लेड खडकालगत सरकवून धागे कापायचे, किंवा खडकासकट उचलायचं. आंघोळीत मऊ टूथब्रशने कवच घासून घ्यायचं. परत ठेवताना पाण्याखाली हलकेच कलता करून आत अडकलेली हवा निघू द्यायची. पूर्ण उघडायला एखादा दिवस लागतो. दुसऱ्याच दिवशी धीर सुटून पुन्हा बुडवू नका. टाकीत आणखी क्लॅम असतील तर त्यांनाही त्याच दिवशी आंघोळ.

तुमच्या क्लॅमला मुळात चिमटाच होता का, हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. परकराची नाडी ओढल्यावर घेराला जशा चुण्या पडतात, तशी मँटलची कड एका जागी गोळा होते आणि बाजूचा भाग बऱ्यापैकी पसरलेला राहतो. हा चिमटा. सगळंच मँटल आत ओढलेलं असेल आणि पाणी आत घेण्याचं तोंड सताड उघडं पडलं असेल, तर प्रकरण वेगळं. मधोमध रंग उडून मँटल पांढरं पडत असेल तर उष्णता किंवा प्रकाशातला एकदम झालेला बदल तपासायचा. या दोन्हींत गोडं पाणी म्हणजे आजाऱ्याला आणखी धक्का. हे मूळ लेखात होतं. सातव्या परिच्छेदात होतं, हेही खरं. धोक्याची सूचना वर हवी होती हा तुमचा आक्षेप मांडणीचा आहे, उपचाराचा नाही, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही.

रात्री टॉर्च घेऊन बघितलं होतं का? टाकीचे दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी, लाल प्रकाशात, कवचाची कड आणि तळाचं छिद्र बघायचं. तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या गोगलगायी तिथे चिकटून क्लॅमचा रस शोषतात. दिवसा त्या दिसत नाहीत. ब्रशने काढायच्या, कवचावरचे चिकट, पारदर्शक अंड्यांचे पुंजकेही खरवडायचे, आणि निदान महिनाभर दर दोन-तीन रात्रींनी पुन्हा बघायचं, कारण एकही पुंजका राहिला तर सगळं मुळापासून सुरू. सिक्सलाइन रास हा मासा मदत करतो, पण कामचुकार असतो. दिवसा कुणी मासा टोचत नाही ना, तेही अर्धा तास खुर्ची टाकून बघायचं. एंजलफिश पाळणाऱ्यांनी तर नक्की.

बाकीचं भराभर. फायटोप्लँक्टन: पाच सेंटिमीटरहून मोठा क्लॅम मुख्यतः मँटलमधल्या शैवालाच्या जोरावर, म्हणजे प्रकाशावर जगतो. मॅक्सिमा किंवा क्रोसिया या जातींना 250 च्या पुढे PAR (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) द्या, डेरासा जातीचं त्याहून कमीत भागतं. अंधाऱ्या टाकीत बाटल्या ओतून पाणी खराब होईल, क्लॅम सुधारणार नाही. नायट्रेट शून्य ठेवण्याचा अट्टाहासही नको, 5 ते 10 पीपीएम त्याला मानवतं. औषध: तुम्ही ‘काहीतरी कॉपरचं’ म्हणालात. कॉपर टाकीत गेलं की क्लॅम संपलाच, सोबत गोगलगायी आणि कोळंबीही. कुणी वाचून करू नये म्हणून हे ठळक करतो.

भारतात कोण पाळतं, या टोल्याचं उत्तर सोपं आहे. मॅक्सिमा लक्षद्वीपच्या प्रवाळांत राहतो, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो तिथेच राहावा. हा ब्लॉग वाचणारे बरेच जण परदेशात आहेत आणि पलाऊसारख्या ठिकाणी हॅचरीत वाढलेले डेरासा कागदपत्रांसह घेतात. तुम्हीही त्यांतलेच दिसता, मग हा प्रश्न मला का?

असो. पुन्हा लिहाल तेव्हा क्षारता, अल्कलिनिटी, तापमान आणि आजारी पडल्याच्या पहिल्या दिवसाचा फोटो द्या. आणि बादलीत पाणी कुठलं होतं तेही सांगा. अकरा उद्गारचिन्हांत तेवढं राहून गेलं.