एक किलो शेंगा चटणी

काल रात्री बॅगेतून सोलापुरी चादर बाहेर काढली. विमानात तेवीस किलोच चालतं, आणि काटा चोवीसच्या खाली यायला तयार नव्हता. त्यातली एक किलो शेंगा चटणी माझी नाही, हे आधीच सांगते.

नवी पेठेत चटणीच्या दुकानात उभी होते. मागून आवाज आला, "जर्मनीवाली न्हवं का गं तू?"

आमच्या जुन्या वाड्यातल्या काकू. "तिकडं राहतीस कुठं?"

म्हटलं, चौघांत फ्लॅट आहे. तिकडे त्याला 'वेगे' म्हणतात. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकच.

"चौघीजणी?"

"दोन मुलं, दोन मुली."

चटणीवाल्याचा तराजू हवेतच थांबला.

"आईला ठाऊक हाय?"

"आईनंच व्हिडिओ कॉलवर खोली पसंत केली."

"आणि मोरी एकच?" काकूंचा जीव मोरीतच अडकला. त्यांना धीर द्यावा म्हणून म्हटलं, "फ्रिजवर पाळीचा तक्ता लावलाय ना!"

काकूंनी पिशवी तोंडावर धरली. चटणीवाला छताकडे बघू लागला.

"साफसफाईच्या पाळीचा, काकू! ज्याचा आठवडा, त्यानं संडास घासायचा. मुलांनीसुद्धा. आणि लघवीला त्यांनीही बसायचं, तशी पाटीच आहे आत."

"बसून? गडीमाणसानं?"

यात हसण्यासारखं काही नाही. ड्युसेलडॉर्फच्या कोर्टात २०१५ साली यावर निकाल झालाय. भाडेकरूच्या उभ्यानं संगमरवरी फरशी खराब झाली म्हणून घरमालक अनामतीतले १,९०० युरो कापत होता. न्यायाधीशांनी भाडेकरूची बाजू घेतली. फरशी कोण पुसत होतं, ते मात्र बातमीत नव्हतं.

"आमचा बाळू पण तिकडंच हाय की," काकूंचा आवाज एकदम ओला झाला. "तुझ्याच गावात. बिचारा हातानं करून खातो गं!"

मी काय, पायानं करून खाते? दोन वर्षांत माझ्या जेवणाची चौकशी या बाईंनी एकदाही केलेली नाही. बाळूही वेगेतच राहतो, दोन पोलिश मुलींबरोबर. काकूंना ते माहीत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नाही. मी सांगणारही होते. पण तोवर चटणीवाल्यानं किलोची पिशवी बांधून माझ्या हातात दिली होती.

"एवढं बाळूच्या खोलीवर नेऊन दे," काकू म्हणाल्या. मग जवळ येऊन, हळूच, "दारातूनच दे हं. आत जाऊ नको."